बीडच्या बांगड्या

आत्याबाई कुठेही निघाल्या की त्यांच्या काखेत पितळेचा फिरकीचा तांब्या असायचा. आत घरचं पाणी आणि वर आट्याचं झाकण असं आवळलेलं, की ते त्यांच्याशिवाय कुणाला उघडायचं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या जामखेडात सासूला असंच म्हणायची रीत होती. सौताड्याच्या सहलीला निघताना त्या तो तांब्या भरायला लागल्या आणि माझा जीव हिरमुसला. मला धबधबा बघायचा होता हे खरं, पण त्याहून जास्त तो तांब्या घरी राहिलेला बघायचा होता.

त्याचं कारण माझी नणंद. वन्संना बीडला देऊन नऊ वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत. बहुतेकांची ती वर्षा-दोन वर्षांत आपोआप सुटते. आमच्या घरी ती नऊ वर्षं चालली होती. आत्याबाई आणि मामंजी बीडला जायचे, ओसरीवर तासभर बसायचे आणि कोरड्या तोंडानं परत यायचे. वन्सं दर वेळी पाण्याची लोटी पुढं आणून ठेवायच्या. सवयीनं म्हणा, आशेनं म्हणा. निघताना ती तशीच भरलेली उचलून तुळशीला घालायच्या. मागच्या दिवाळीला माहेरी आल्या तेव्हा चुलीपाशी मला म्हणाल्या, "वैनी, मला साडी नको, चोळी नको. आईनं एकदा माझ्या घरचं पानी प्यावं, बास."

मला रागच आला होता. बाई दर वेळी लेकीला भेटायला जाते, आणि दर वेळी तिची कूस रिकामी आहे हे पाण्याला न शिवता सांगून येते. मी नगरकडच्या बेलापूरची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. आमच्या दारावरून कोण कुठला वाटसरूही पाणी प्यायल्याशिवाय जात नसे. पण सुनेनं सासूला शहाणपण शिकवायचं म्हणजे आपणहून विस्तव पदरात घेणं. म्हणून मी सहल काढली.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या दोन पावसाळे आधीची ही गोष्ट. श्रावण सरत आला होता आणि सौताड्याचा धबधबा जोरात आहे असं जो तो सांगत होता. समोरच्या घरात नगरहून बदलून आलेल्या एक मास्तरीणबाई राहायच्या. त्यांना तो बघायचाच होता. आमच्या ह्यांनी मित्राची जीप मागून घेतली. शेजारच्या शिंपीणकाकू तयारच होत्या. त्यांना जीपमध्ये बसायला मिळालं तर त्या स्मशानातही आल्या असत्या. धबधब्याच्या पायथ्याला महादेव आहे, त्यामुळे आत्याबाईंची हरकत नव्हती. मग मी हळूच म्हटलं, एवढं जातोच आहोत तर तसंच पुढं बीडला जाऊ. आत्याबाई म्हणाल्या, "बीडला माजं काय काम? पर शिंपीनबाईला बांगड्या भरायच्यात म्हंत्यात, तर जाऊ." शिंपीणकाकूंनी बांगड्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्या आत्याबाईंचा हात कुणी धरला नसता.

पोरं मामंजींच्या हवाली करून आम्ही पहाटेच निघालो. जामखेड मागं पडलं की थोड्याच वेळात जिल्ह्याची शीव लागते. तेव्हा तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, एक दगड आणि दोन बाभळी. पण आत्याबाईंच्या लेखी पलीकडे अजून मोगलाईच होती. निजामाचं राज्य जाऊन वीसेक वर्षं झाली तरी शीव आली की त्या पदर सावरून बसायच्या. त्यांच्या लहानपणी इथं नाका होता आणि शिपाई गाठोडी सोडून बघायचे, असं त्या मास्तरीणबाईंना सांगत होत्या. मग म्हणाल्या, "त्या मोगलाईत लेक दिली मी. लोक म्हनले, येडी का काय! पर जावई सोन्यासारका हाय." आणि त्यांनी दगडाच्या बाजूला हात जोडले.

सौताड्याला आधी काही दिसतच नाही. सपाट माळ, बाजरी डोक्याइतकी वाढलेली, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. खाली खोल दरी आणि तिच्यात नदी उडी घेते. नुसता आवाज ऐकूनच शिंपीणकाकूंनी "अगं बाई" म्हणून माझं मनगट धरलं, ते खाली उतरेपर्यंत सोडलं नाही. उतरताना पायऱ्या थोड्या आणि चिखल फार. आत्याबाई मात्र तांब्या काखेत धरून शेळीसारख्या टणाटण उतरल्या.

खाली गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच तशा पाहिल्या. पाण्याचे तुषार अंगावर येत होते, आणि ही बाई, जिनं मला माजघरात मोठ्यानं हसू दिलं नव्हतं, ती लुगड्याचा ओचा खोचून पाण्याच्या अगदी जवळ गेली आणि खदाखदा हसायला लागली. हे दगडावर बसून बिडी ओढत होते, ती विझली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून काहीतरी प्रार्थना म्हटली. आम्ही महादेवाला बेल वाहिला, मग दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. चटणी माझ्या हातची होती आणि मी तिखट मुद्दाम वाढवलं होतं. आत्याबाईंनी दोन दशम्या खाल्ल्या आणि तांब्यातलं घोटभर पाणी मोजून प्यायल्या.

"पोरीला आनाय पायजे हुतं," त्या एकदम म्हणाल्या. "तिला पान्याची लई हौस. ल्हानपनी वढ्यातून काढाय लागायची."

मला धीर आला. "आत्याबाई, पाण्याची एवढी हौस आहे वन्संना, तर त्यांच्या घरचं घोटभर पाणी घ्या ना आज."

त्यांचं हसू गेलं. रागावल्या मात्र नाहीत. म्हणाल्या, "सूनबाई, दान केल्यालं मागारी घेत्यात का? लेकीचं दान केलं आमी. तिच्या घरचं खाल्लं, तर ती उसनी दिल्यावानी व्हती. आन मी मोडली रीत, तर उद्या जामखेडातल्या बाया म्हनतील, हिनं लेकीकडल्या नातवाची आस सोडली. मी न्हाई सोडल्याली."

नऊ वर्षं मी समजत होते की बाई रितीला धरून बसली आहे. ती आशेला धरून बसली होती.

पाटोदा सोडून बराच वेळ झाला आणि जीपच्या नाकातून वाफा यायला लागल्या. रेडिएटरमधलं पाणी संपलं होतं. पाण्याचा डबा होता, पण तो शिंपीणकाकूंनी सौताड्याला चिखलाचे पाय धुण्यात संपवला होता. जवळ विहीर दिसेना. ह्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांची नजर आत्याबाईंच्या काखेत गेली. मला वाटलं, आता महाभारत होणार. पण आत्याबाईंनी निमूटपणे फिरकी उघडली आणि तांब्या पुढं केला. "घाल. मशीन तरी पिऊ दे." सगळं पाणी इंजिनानं प्यायलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. तांब्याला शेजारणीचा हात लागला तर परत घासून घेणारी ही बाई! मला त्याच वेळी शंका यायला हवी होती.

दुपार कलली तेव्हा आम्ही बीडात शिरलो. जुनं गाव सगळं दगडाचं, वेशीतून आत गेलं की बोळातून बोळ फुटत जाणारं. एका दुकानात पाण्याच्या चामडी छागला टांगलेल्या होत्या. हे म्हणाले, "आई, घेऊ का एक? तांब्या रिकामा झालाय तुझा." आत्याबाई म्हणाल्या, "चामड्यातलं तुजं तू पी." ऊन चांगलं लागत होतं, आणि माझ्या चटणीनं आपलं काम केलं होतं. आत्याबाई सारख्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या.

वन्सं दारातच उभ्या होत्या. आईच्या पाया पडल्या, माझ्या गळ्यात पडल्या आणि आत जाऊन लोटी घेऊन आल्या. पितळेची, चिंचेनं घासून लख्ख केलेली. आत्याबाईंसमोर ठेवली. आम्ही सगळे घटाघटा प्यायलो. भावाला ही रीत लागू नव्हती, त्यामुळे ह्यांनी तर लागोपाठ तीन लोट्या संपवल्या. आत्याबाईंनी लोटीकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, आणि लेकीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "चला, बांगड्या भरून घेऊ आधी." वन्संचा चेहरा मला बघवेना. मी ह्यांना उगाचच म्हटलं, "किती पिता!"

कासारीण शेजारच्याच घरात राहायची. साठीपुढची एकटी बाई, ओसरीवर पोतं अंथरून बसलेली, मागं बांगड्यांच्या माळा लटकवलेल्या. मूळचं ते एकच घर होतं. वाटण्या झाल्या तेव्हा मधे भिंत पडली आणि आड वन्संच्या बाजूला राहिला. कासारणीचं सगळं पाणी रोज वन्संच भरायच्या, मागच्या दारानं. हे मला वन्संनी पूर्वीच सांगितलं होतं. आत्याबाईंनाही ते ठाऊक असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आत्याबाई कासारणीपुढं बसल्या, हात पुढं केला, हिरव्या बांगड्या निवडल्या. कासारीण त्यांचा पंजा दाबून दाबून एकेक बांगडी चढवत होती. दोन चढल्या आणि आत्याबाई म्हणाल्या, "कासारीनबाई, घोटभर पानी मिळंल का?"

"मिळंना काय झालं हो माय!" कासारीण म्हणाली. तिनं बसल्या जागेवरून मागच्या घागरीत लोटी बुडवली. लोटी खणकन तळाला लागली. "बघा, संपलं वाटतं," म्हणून ती मान वळवून मागच्या दाराकडे ओरडली, "अगं ये, घागर आण गं!"

मागून पावलं आली. आत्याबाईंची नजर हातातल्या बांगड्यांवर होती. मी मात्र दाराकडेच बघत होते. वन्सं भरलेली घागर कमरेवर घेऊन दारात आल्या आणि आईपुढं रिकामी लोटी पाहून जागीच थबकल्या. काय चाललंय ते त्यांना क्षणात कळलं. त्यांनी घागर आवाज न करता ठेवली आणि दाराआड सरकल्या. कासारणीनं लोटी भरून आत्याबाईंच्या हातात दिली.

आत्याबाई घाईनं प्यायल्या नाहीत. लोटी दोन्ही हातांत धरली आणि सावकाश, डोळे मिटून, एकेक घोट घेत प्यायल्या. दाराच्या फटीतून वन्संचा अर्धा चेहरा दिसत होता. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला आणि डोळ्यांतून धारा. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी बांगड्यांच्या माळा बघायला लागले.

"अजून द्या," आत्याबाई म्हणाल्या. दुसरी लोटीही संपवली, पदरानं तोंड पुसलं. "गोड हाय हो पानी तुमचं."

"आमचं कशाचं, हे तर तुमच्या..." कासारीण बोलायला लागली आणि मी तिच्या गुडघ्याला असा चिमटा काढला की तिनं हातातली बांगडी टाकली.

संध्याकाळी आम्ही सगळे मिळून कंकालेश्वराला गेलो. पाण्याच्या मधोमध ते देऊळ, ऊन उतरलेलं, पायऱ्यांवर गारवा. वन्सं आईच्या मांडीला टेकून बसल्या होत्या आणि काहीबाही बोलत होत्या, लहान मुलीसारखं. दिवस सार्थकी लागला असं मला वाटलं. निघताना वन्संनी माझा हात घट्ट दाबला. मी मान हलवली, म्हणजे कुणाला सांगणार नाही.

पण माझ्या पोटात कधी काही राहिलं आहे? पाटोद्याच्या पुढं शिंपीणकाकू घोरायला लागल्या तसं मी आत्याबाईंच्या कानाशी लागले. "आत्याबाई, रागावू नका. ते पाणी कुठल्या आडाचं होतं, माहितीय का?"

आत्याबाई अंधारात हातातल्या नव्या बांगड्या चाचपत होत्या. म्हणाल्या, "लेकीच्या जोडव्याचा आवाज आईला कळत न्हाई व्हय गं? कळला म्हनून तर दुसरी लोटी मागितली." मग बांगड्या मनगटावर मागं सारत म्हणाल्या, "मी कासारनीच्या घरचं प्याले. रीत बी ऱ्हायली."

त्यानंतर आत्याबाईंच्या बांगड्या फार वाढायला लागल्या. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. महिना-दोन महिन्यांनी त्या भाकरी थापताना, दळण करताना, कधी नुसत्या उंबऱ्याला हात लागून वाढायच्या. जामखेडात तीन कासार होते, पण त्यांच्या बांगड्या आत्याबाईंच्या हाताला रुतायच्या. त्यांना बीडच्याच लागायच्या. बहात्तरला सौताड्याची नदी आटली, धबधब्याच्या जागी काळा कडा उरला, लोक खडी फोडायला गेले. आम्ही टँकरची वाट बघत असू. तेव्हाही वन्संच्या आडाला ढोपरभर पाणी होतं आणि आत्याबाई यष्टीनं बांगड्या भरायला जात होत्या. वन्संना मूल झालं नाहीच. पण माहेरी आल्या की त्या चुलीपाशी रडायच्या बंद झाल्या.

मामंजी या सगळ्यावर एक शब्द बोलले नव्हते. मुळात माणूस मोजकं बोलणारा. ते बीडला गेले की पहिल्यासारखेच ओसरीवर बसायचे आणि लोटीला हात न लावता परत यायचे. एकदा आत्याबाई बीडहून आल्या, हातभर हिरव्यागार बांगड्या घालून आत गेल्या. मामंजी ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी पुढ्यातून जात होते, त्यांनी मला थांबवलं. मळलेलीच तंबाखू परत मळायला लागले.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या कासारनीकडं गडीमान्साला पानी देत्यात का?"

"देतात की मामंजी," मी म्हटलं. "मागितलं की देतात."