माझा भाऊ समुद्रावर उडतो

घरातला एक जण पतंगाला लटकून समुद्रावर उडत असला, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप दारात येऊन बसतात! तेलंगणात उटनूरला मी शिकवते, त्या शाळेत मधली सुट्टी झाली की स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारणारच, "मॅडम, मिलिंदचं नवीन काय?"

मिलिंद म्हणजे माझा धाकटा भाऊ. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंग शिकवतो आणि त्याच्या स्पर्धांतही उतरतो. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वर भलामोठा पतंग. आणि स्पर्धा म्हणजे वादळी वाऱ्यात चार-पाच मजले उंच उडी! जितका धोका जास्त, तितके मार्क जास्त.

*

त्यानं पहिला व्हिडिओ पाठवला तेव्हा आई ज्वारी पाखडत होती. मी मोबाइल समोर धरला. मिलिंद वर गेला तो गेलाच. आईचं सूप थांबलं.

"हा खाली काऊन नाही येऊन राह्यला?"

"आई, स्लो मोशन आहे ते."

"मंग फास्ट कर ना! पोरगं कवाचं लटकून हाय!"

*

एकदा विमा एजंट आला. "मुलगा काय करतो?"

"पतंग उडवतो," बाबा म्हणाले.

"वा! मग रिस्कच नाही!"

मी व्हिडिओ दाखवला. त्यानं तो दोनदा पाहिला. चहा संपवला. मग बाबांकडे वळला, "काका, पोराची पॉलिसी राहू द्या. तुमचीच काढू. हे पाहून तुमालेच जास्त रिस्क हाय!"

*

एका स्पर्धेत दोर गुंतला आणि मिलिंद वरून आपटला. एवढ्या उंचीवरून पाणी म्हणजे सिमेंटच! बरगड्या मोडल्या. घरी आराम करायला आला, तेव्हा आदिलाबादला डॉक्टरांकडे नेलं.

"कशावरून पडलास?"

"कशावरूनच नाही सर. हवेतून पडलो."

डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "डोक्याले बी मार लागला का?"

मिलिंदला ते ऐकू गेलंच; तो बरगड्या धरून हसत होता.

*

बरा झाल्यावर त्यानं बाजारहत्नूरला मामाच्या मोकळ्या वावरात पतंग सोडला. वारा आला आणि हा घसरत निघाला. मामानं धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघंही ढेकळांतून फरफटत थेट बांधापर्यंत! पतंग बाभळीत अडकला तेव्हा कुठे थांबले.

मामा धोतर झटकत उठला. "भाच्या, बैलाच्या जागी तुह्या या पतंगाले वखर बांधता येईन का रे?"

*

यंदा आईच म्हणाली, "मले ने. मले पाह्यचं हाय."

आम्ही दोघी त्याच्या स्पर्धेला तमिळनाडूला गेलो. तिनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. वारा असा, की उभं राहवेना. मिलिंदच्या आधीचा मुलगा पडला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. संयोजकांनी विचारलं, "कुणाला माघार घ्यायची आहे?"

मिलिंदनं आमच्याकडे पाहिलं. मी नको म्हणून हात हलवत होते. आईनं पदर खोचला आणि मानेनंच सांगितलं, जा.

तो उडाला. इतका उंच, की पतंगाखाली तो ठिपक्याएवढा दिसला. वरच पतंग गर्रकन फिरला, मिलिंद आडवा फेकला गेला आणि... फळी टेकवून नीट उतरला! किनाऱ्यावर एकच कल्ला.

तो ओलाचिंब धावत आला. "आई, पाह्यलं ना?"

आईनं त्याचा चेहरा, हात, बरगड्या सगळं चाचपून पाहिलं. मग म्हणाली,

"नाही रे. मी डोळे मिटून होती. आता पाहते, एकडाव अजून उड!"