परदेशी पाहुणे, मंजूर

बीड जिल्ह्यातल्या आमच्या केजला पाणी साठत नाही, किस्से मात्र साठतात. कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्स विभागात तर एकट्या संगीता मॅडमच्या पीएचडीनं तळं भरलं. विषय काय, तर भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकांचा अंदाज. मागचे हंगाम बघून पुढचा सांगायचा.

पहिला प्रश्न सगळ्यांचाच. केजात बसून परदेशी पाहुणे कशाला मोजायचे? त्यांचे गाईड शिंदे सर शांतपणे सांगायचे, "इथं पावसाचा अंदाज चुकला तर लोक घरी येतात. जर्मनीचा मानूस आला न्हाई तर कोन जाब इचारतंय?"

*

एकदा वर्गात मॅडम ग्राफ काढत होत्या. पर्यटक हिवाळ्यात वाढतात, उन्हाळ्यात घटतात. "दरवर्षी ठरल्या वेळी घडतं, ती सीझनॅलिटी. उदाहरण द्या."

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "दिवाळी झाली की आमची गैरहजेरी, मॅडम."

अर्धा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. लहानपणी मॅडमही जायच्या. त्यांनी ते उदाहरण फळ्यावर लिहून घेतलं.

*

आमच्याकडं सहकारी संस्थेच्या सभेत मंचावरून काहीही विचारा, उत्तर एकच असतं. आमच्या कॉलेजचे संस्थाध्यक्ष साखर कारखान्याचेही चेअरमन. ते संचालकांना घेऊन मॅडमच्या सेमिनारला आले.

"यातले बीडला किती येतील?"

"फार थोडे, साहेब."

"कमी धरलेत. दुष्काळ हाय म्हनून एवढं निराश व्हायचं न्हाई. वाढवा जरा." मागं वळून म्हणाले, "काय, मंजूर?"

सगळ्या संचालकांचे हात वर. "मंजूर!"

मॅडमनी मार्कर खाली ठेवला. "साहेब, हात वर करून आकडा वाढत न्हाई."

चेअरमन चहा न घेता गेले. आम्ही सहकाऱ्यांनी मात्र त्या दिवशी दोनदा घेतला.

*

मग व्हायवाची, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेची तारीख. मॅडमची एकच अट होती, आईवडील समोर बसले पाहिजेत. ते तेव्हा ऊसतोडीवर, त्यांची टोळी परत येणार गुढीपाडव्याच्या सुमाराला. विद्यापीठ तेवढं थांबायला तयार नव्हतं.

"होळीच्या आधी ठेवा," मॅडम म्हणाल्या. "औंदा ऊस वाळलाय. कारखाने लवकर बंद पडतील."

शिंदे सर वैतागले. "अगं, पर्यटकांचं मॉडेल टोळीला लावतीस?"

"हंगाम तोच हाय सर. फक्त मोडलेला."

सरांनी तारीख कळवली. माझी तर झोपच उडाली, कारण टोळी आली नसती तर बाई व्हायवाला उभ्याच राहिल्या नसत्या.

*

व्हायवाच्या आदल्या दिवशी टोळीचा ट्रक गावात आला. दुसऱ्या दिवशी आप्पा, म्हणजे मॅडमचे वडील, आईसह अख्खी टोळी घेऊन हॉलमध्ये मागच्या रांगेत बसले. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी सगळी उत्तरं ठणकावून दिली. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. रिवाजाप्रमाणं त्यांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न?"

आप्पा उठले. "संगे, परदेशातली मानसं कवा येनार ते कळलं. पुढल्या साली आमाला तोड मिळंल का, ते कळतंय का यातून?"

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला.

"आज न्हाई कळत, आप्पा. पन आता मी तेच करनार हाय."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग मागच्या रांगेकडं बघत त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला काही म्हणायचंय?"

टोळीनं एकमेकांकडं बघितलं आणि सगळ्यांचे हात वर गेले.

"मंजूर!"