कुंकू लावलेला पीस

त्या दुकानाचं काचेचं दार आठवलं तरी मला आजही किळस येते. मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले, त्यानंतरची ही गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा जिथे तिथे मोबाइलची दुकानं उघडत होती. माझा थोरला भाऊ आखातात बोटदुरुस्तीच्या कामावर होता. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो शेजारच्या काकींकडे फोन करायचा. काकींनी हाक मारली की आई हातातली मासळी तशीच टाकून धावायची. काकींच्या ओटीवर चार माणसं बसलेली असायची, त्यांच्यादेखत पोराशी काय बोलणार? "जेवतोस ना" आणि "बरा आहेस ना" एवढं विचारून परत यायची. आपल्या घरात बसून मुलाशी मनासारखं बोलावं, एवढंच तिला हवं होतं. भावाने त्यासाठी पैसे पाठवले आणि मी ते दार ढकललं.

दुकानदाराने मला ताई म्हटलं, थंडा मागवला. फोन कमी किमतीत, पण दोन वर्षं कनेक्शन सोडायचं नाही आणि महिन्याचं बिल भरत राहायचं, अशी त्याची स्कीम होती. मी विचारलं, "आमचं घर भाट्याच्या पुढे, सड्याच्या उताराखाली, अगदी खाडीला लागून आहे. तिथे रेंज येईल ना?"

"ताई, काय बोलताय! फुल्ल रेंज. तुमच्या वाडीतली चार गिऱ्हाइकं आहेत माझ्याकडे."

मग इंग्रजी फॉर्मवर त्याने पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि प्रत्येक फुलीपाशी मी सही केली. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असं पोरांना रोज ओरडून सांगणारी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

संध्याकाळी आईने खोका उघडला. आमच्याकडे नवी होडी असो, जाळं असो की शिलाई मशीन, हळदकुंकू लागल्याशिवाय वस्तू वापरात येत नाही. तिने फोन पाटावर ठेवला, बटणांच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं, नारळ फोडला. मग वाटीत साखर घेऊन काकींकडे गेली आणि म्हणाली, "आता तुमाला शुक्रवारचा त्रास नाय हो." काकी म्हणाल्या, "बरं झालं बाई." त्यांचा सुटकेचा सूर आईलाही कळला, पण त्या दिवशी तिला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. फोन आम्ही त्यानंतर चालू केला.

रेंज नव्हती. माजघरात नाही, पडवीत नाही, अंगणात नाही, विहिरीपाशी नाही. मी फोन हातात धरून चढण चढत गेले, तेव्हा कुठे वर सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, करवंदीच्या जाळीपलीकडे, दोन काड्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात उभी राहिले आणि एका रात्रीत ताईची मॅडम झाले. त्याने फोन दोन बोटांच्या चिमटीत उचलला. मेलेला उंदीर उचलतात ना, तसा.

"हे काय लावलंय, मॅडम? बटणांत कुंकू गेलंय. हा वापरलेला पीस झाला."

"पण तुमच्या फोनला आमच्याकडे रेंजच नाही. तुम्ही फुल्ल म्हणाला होतात."

"ते कंपनीचं. आम्ही फक्त विकतो." आणि त्याने बिलावर बोट ठेवलं. खाली छापलेलं होतं, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग त्याने रुमाल काढून ते बोट पुसलं. त्याच्या गल्ल्यावर सकाळचं कुंकू अजून ओलं होतं. गल्ल्याला लावलेलं ते शुभ आणि माझ्या आईने लावलेलं ती घाण! त्याच्या तोंडावर तो फोन फेकावा असं मला वाटलं. फेकला नाही, याचा अजूनही थोडा पस्तावा आहे.

वाचनालयात एक निवृत्त पोस्टमास्तर बसायचे. ग्राहकांच्या तक्रारी ते फुकट लिहून देत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, दुकानातून वस्तू घेतली आणि मागाहून मन फिरलं, तर ती त्याने परत घ्यायलाच हवी असा कायदा नाही. पण खोटं सांगून विकली असेल तर बिलावर काहीही छापलेलं असो, आपण ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. फॉर्मची प्रत आणा."

प्रत मिळवायला चार खेपा झाल्या. तिच्यावर माझा पत्ता होता खाडीपलीकडच्या, शहरातल्या मांडवीचा! आमच्या वाडीचं नाव कुठेच नाही. आमच्या बाजूला रेंज नाही म्हणून कंपनी तिथे कनेक्शनच देत नव्हती, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. थंडा पाजता पाजता त्याने मला मांडवीत राहायला पाठवलं होतं. पोस्टमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "त्याचा खोटेपणा कागदावर आला, हे चांगलं झालं. पण खाली सही तुमची आहे." त्याच्याइतकीच मला माझी शिसारी आली.

तक्रार केली. तारखा पडत गेल्या. आठ महिन्यांनी निकाल लागायच्या आधीच दुकानदार नरमला, कनेक्शन बंद करून दिलं, पैसे परत केले आणि तो कुंकवाचा फोन मुकाट्याने ठेवून घेतला. शाळेत सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी पेढेसुद्धा वाटले.

पण ते आठ महिने आईने काय केलं, ते मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. काकींना साखर देऊन आल्यावर परत त्यांच्या दारात जायला ती तयार नव्हती. दर शुक्रवारी ती डोक्यावर पदर घेऊन, दुखरे गुडघे दाबत सडा चढायची आणि कातळावर बसून फोनची वाट बघायची. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले. कातळ एवढा तापला होता की चपलेतूनही चटका बसत होता. वारा नुसता घोंघावत होता. फोन वाजला. भावाचा आवाज मला बाजूला बसूनही ऐकू येत होता. "आई, एवढा कसला आवाज येतोय? कुठे आहेस तू?"

"घरातच हाय रे," आई म्हणाली. "पंखा लावलाय."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मग त्याने काय जेवलीस विचारलं, घर थंड आहे ना विचारलं, आणि आई एकेक उत्तर हसत हसत देत गेली. उतरताना मी तिचा हात धरला होता. अर्ध्या उतरणीवर ती थांबली आणि म्हणाली, "त्याला यातलं काय सांगू नको हां. त्याला वाटतंय, मी घरात बसून बोलते."