पायऱ्या एकोणीस, कठडा उजव्या हाताला

सोमवारी सकाळी आमचे साडू गेले. त्या दिवशी रायपूरच्या पंडरी बाजारातला त्यांच्या मुलीचा कॅफे बंद होता, आणि वेबसाइटवर तो उघडा होता.

हे दुसरं वाक्य साडूंच्या कानावर गेलं असतं तर ते तिरडीवरून उठून बसले असते. नवख्या माणसाला चुकीची माहिती देणं हे त्यांच्या लेखी जगातलं एकमेव पाप होतं. चोरी, लबाडी, खून ही सगळी त्याची पिल्लं. चौतीस वर्षं ते रायपूर स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसले. निवृत्त झाल्यावर खुर्ची स्टेशनात राहिली, खिडकी मात्र त्यांच्याबरोबर गुढियारीच्या घरी आली. लग्नाची पत्रिका हातात पडली की वधूवरांची नावं न वाचता ते आधी पत्ता वाचत, आणि त्यात खूण दिलेली नसेल तर लाल शाईने दुरुस्त्या करून पत्रिका यजमानांना परत पाठवत. एका यजमानांनी त्यानंतर बोलणं सोडलं. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. "पाहुणा उन्हात भटकून राहिला अन् हे आतमध्ये अक्षता वाटून राहिले," एवढंच ते म्हणाले. इस्पितळात गेले तर डॉक्टरांच्या आधी त्यांना चौकशीची खिडकी पाहायची असे, आणि ती बंद दिसली की त्यांचा रक्तदाब तपासण्याच्या आतच वाढलेला असे.

मी स्वतः एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तक कुठे आहे असं कुणी विचारलं की मी न बोलता बोट दाखवायचो. ही सवय त्यांनी एकदाच पाहिली आणि आयुष्यभर माफ केली नाही. त्यांच्याच घरी कुणीतरी मला चष्मा कुठे आहे म्हणून विचारलं आणि मी "तिकडे असेल" म्हणालो, तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "तिकडे म्हंजे काय, साडूभाऊ? तिकडे तर कलकत्ताही आहे!"

अशा माणसाच्या मुलीने बँकेतली नोकरी सोडून पंडरीच्या कापडबाजारात, एका साडीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर कॅफे काढला. जागा चांगली, कॉफी चांगली, चीला, म्हणजे इकडचं धिरडं, तर आमच्या घरी कधी जमला नाही इतका चांगला. पण सहा महिने झाले तरी वर येत ती तिच्या मैत्रिणीच. दिवाळीपर्यंत नवी माणसं आली नाहीत तर कुलूप लावून पुन्हा नोकरीसाठी अर्ज करायचा, असं तिने ठरवलं होतं. हे तिने वडिलांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, कारण मला सांगितलेली गोष्ट कुठेच जात नाही.

पण चौकशी हा साडूंचा धंदा; त्यांना कळलंच. त्यांनी त्या संध्याकाळी कॅफेची वेबसाइट उघडली, आणि मी समोर बसून एका शांत घराला आग लागताना पाहिली. आधी बराच वेळ पडद्यावर कॉफीवरचा फेस हलत राहिला. मग या जागी कॉफीबरोबर गोष्टी उकळतात अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य हळूहळू उमटलं. मग पुन्हा फेस. "कोणाच्या गोष्टी उकळून राहिल्या?" साडू ओरडले. "मले हे सांगा, बाथरूम कुठं आहे? वर किती चढा लागते? बंद कधी होते? कोणाले समजन हे?" दुसऱ्या दिवशी वेबसाइट करणाऱ्या डिझायनरला बोलावण्यात आलं. तो सभ्य माणूस होता. "अंकल, वाइब आनी चाहिए पहले," असं तो म्हणाला. साडूंनी त्याला विचारलं, "वो कौन से प्लेटफॉर्म पे आती है?"

मग त्यांनी जे केलं ते चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसालाच सुचावं. पंधरा दिवस ते कॅफेच्या जिन्याखाली स्टूल टाकून, वही घेऊन बसले. जी माणसं मोबाइल बघत, मान वर करून पाटी वाचत आणि निघून जात, ती एकमेकांशी काय बोलतात ते लिहीत राहिले. "गेला त्यालेच विचारा लागते," ते मला म्हणाले, "आला त्याले काय विचारता, तो तर आलाच!" ती वही माझ्याकडे आहे. धमतरीहून, महासमुंदहून लग्नाचा बस्ता घ्यायला आलेली माणसं, सकाळपासून साड्या बघून थकलेली, हातात गाठोडी. ती म्हणत: अम्मा चढ नहीं पाएँगी. म्हणत: ऊपर बाथरूम होगा कि नहीं. आणि एक वाक्य वहीत अकरा वेळा आहे, दर वेळी निराळ्या तोंडचं: अरे, वो अपने जैसों की जगह नहीं है.

हे वाक्य अकराव्यांदा लिहिलं आहे त्याखाली साडूंनी इतकी जोरात रेघ मारली आहे की कागद फाटला आहे.

त्यानंतर त्यांनी वेबसाइटसाठी नवं पान लिहिलं, हिंदीत, आणि भाषा तपासायला माझ्याकडे आणलं. मी एक वेलांटी सुधारली. बाकी हात लावायची माझी छाती झाली नाही. सगळ्यात वर होतं: आपण पहिल्यांदा येत असाल तर आधी हे वाचा. मग: पायऱ्या एकोणीस, कठडा उजव्या हाताला, नवव्या पायरीपाशी टेकायला जागा आहे. बाथरूम आत डावीकडे, आम्ही रोज स्वतः बघतो. चीला व्हायला अठरा मिनिटं लागतात; गाडी पकडायची असेल तर पोहे मागा. खिडकीजवळचं टेबल डुगडुगतं. गाठोडी ठेवायला वेगळी फळी आहे, आणि ती घेऊन आलेल्यांकडे इथे कुणी वळून बघत नाही. सगळ्यात खाली त्यांचा फोन नंबर: काही अडलं तर विचारा, फोन मी उचलतो.

"बाबा, टेबल हिलता है, ये कौन लिखता है अपनी दुकान के बारे में?" मुलगी रडकुंडीला आली होती.

"ज्याले खरं सांगाचं आहे तो लिहिते. मिस्त्री येऊन टेबल नीट करन तेव्हा खोडीन."

कित्येक आठवडे न फिरकलेला मिस्त्री ते वाक्य जगजाहीर झाल्यावर दोन दिवसांत आला.

फेसाच्या जागी फोटो आला तो जिन्याचा, खालून काढलेला. दुसऱ्या फोटोत माझी बायको टेबलाशी पिशव्या घेऊन बसली आहे. मी पिशव्यांत वर्तमानपत्रं भरायला निघालो होतो, तर त्यांनी मला धारेवर धरलं. फोटोतली पिशवी खोटी म्हणजे माहिती खोटी. बायकोला आधी खरोखर बाजार करावा लागला. ती त्यांची मेहुणी असूनही त्या दिवसापासून त्यांच्यावर फार खूश होती.

कॅफे आठला उघडतो असं मुलगी सांगे. शटर जड आहे, पाच मिनिटं जातात, म्हणून पानावर वेळ होती ०८.०५. बंद व्हायची २०.४५. एकदा तिची गाडी पंक्चर झाली तर साडूंनी वेबसाइटवर ताबडतोब लिहिलं: आज कैफे बारह मिनट विलंब से खुलेगा. असुविधा के लिए खेद है. डिझायनर म्हणे ते वाचून हसून हसून दमला. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी त्या जिन्यावर एका म्हातारीला नवव्या पायरीशी टेकलेलं पाहिलं. ती नातवाला सांगत होती, "बस, दस और." कुलूप लागलं नाही.

तर सोमवार. अंगणात माणसं बसली होती, खुंटीवर साडूंचा शर्ट होता आणि त्याच्या खिशात फोन वाजू लागला. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मला अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची भीती वाटते. तरीही तो मीच उचलला.

"भैया, हम आपके कैफे के दरवाज़े पर खड़े हैं," एक बाई संतापून बोलत होती. "ताला लगा है! अम्मा उन्नीस सीढ़ी चढ़ गईं. आप ही ने लिखा है ना कि खुला है?"

"गलती हुई," मी म्हणालो. "उधर आगे..." आणि थांबलो. त्यांचं जेवता जेवता थांबणं मला आठवलं. मग मी सांगितलं: उतरून डाव्या हाताला वळा, तिसरं दुकान सोडलं की रसवाला आहे, त्याच्यापुढे बाक आहे, बारापर्यंत सावली असते. मला हे माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं.

ती जरा निवळली. "आप वही हैं ना, सीढ़ियाँ गिनने वाले?"

"जी नहीं. मैं उनका साढ़ू हूँ."

"तो वो कहाँ हैं?"

चौकशीला उत्तर द्यावं लागतं. मी दिलं. पलीकडे बाईने आईला हळूच काहीतरी सांगितलेलं ऐकू आलं.

तेराव्यानंतर डिझायनर आला. अंकलचं पान आता जुनं वाटतं, नंबर काढून टाकू, उत्तरं आपोआप देणारी सोय बसवू, असं तो मुलीला समजावत होता. ती मान खाली घालून ऐकत होती. "काहून?" असा एक आवाज खोलीत झाला. तिने दचकून वर पाहिलं. आवाज माझा होता. चाळीस वर्षं पुस्तकी मराठी बोललेल्या माझ्या तोंडून साडूंच्या बोलीतला तो शब्द कधी निघाला नव्हता. "काहून काढाचा नंबर? माणसं विचारून राहिली ना?"

"उठाएगा कौन, मौसाजी?" तिने विचारलं.

पान तसंच आहे. टेबलाचं वाक्य तेवढं खोडलेलं आहे. फोन माझ्याकडे असतो, आठ पाच ते वीस पंचेचाळीस.