माकडहाडाची कळ

लग्नाच्या दुसऱ्या पावसाळ्यात श्रीवर्धनला आमच्या सुपारीच्या वाडीत मी शेवाळावरून घसरले आणि पाण्याच्या दगडी पाटाच्या काठावर अशी आदळले, की पुढे कित्येक वर्षं मला धड बसता आलं नाही. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. माकडहाडाला मार लागलाय, असं डॉक्टर म्हणाले. मलम दिलं आणि बजावलं, "तिकडे लक्ष देऊ नका. लक्ष दिलं की दुखणं वाढतं."

दुखणं मात्र माझ्याकडे पुरतं लक्ष देऊन होतं. फळ्यावर बेरीज मांडावी, मध्येच कळ यावी आणि हातचा किती धरला होता तेच आठवू नये. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मुली गुणी. सुरुवातीला "बाई, हे झालं" म्हणायच्या. पुढे तेही सोडून दिलं.

हेडमास्तरांनी बोलावलं. "बाई, वर्गात तुमचं लक्ष नसतं."

मी दुखण्याचं सांगितलं.

"दुखतंय ते खाली. डोक्याला काय झालंय?"



त्याच वर्षी हिवाळ्यात शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे सरकारी तपासणी अधिकारी, आले. माझ्या वर्गात येऊन बसले तेव्हा त्यांचा एक गाल टम्म सुजलेला आणि लवंगेच्या तेलाचा वास दारापर्यंत. मी नद्या शिकवत होते. कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, हे एकदा सांगितलं. कळ आली, गेली, पुन्हा सांगितलं. दारात उभ्या हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

दिपोटींनी गालावरचा रुमाल काढला. "कुठे मिळते म्हणालात?"

पुढच्या रांगेतली मुलगी उठली. "साहेब, थांबा. बाई परत सांगतात."

मी परत सांगितलं. दिपोटींनी समाधानानं मान डोलावली आणि बाहेर जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "या बाईंची रीत उत्तम आहे. ऐकणाऱ्याचं एखादं वाक्य सुटलं, तरी अडत नाही."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांना फर्मावलं, की प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. मी संधी साधली. म्हटलं, खुर्चीवर घालायला एखादी मऊ गादी मिळाली तर दुखणं जरा कमी होईल.

ते विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "आता कशाला बाई? चांगलं चाललंय."

शेवटी घरच्या जुन्या लुगड्याची चौघडी शिवून नेली. तिनं थोडाफार आराम पडला.