मार्जीनची काळी फुलं

आमच्या मागच्या गल्लीतल्या व्हर्लिन टॉरक्लसन यांच्या अंगणाला अख्खं गाव 'कोळशाची वखार' म्हणतं. नाव मी ठेवलं. आयोवातल्या आमच्या या गावात निम्म्या लोकांची नावं मीच ठेवलेली आहेत, पण वखारीच्या मालकिणीला तोंडावर चिडवायची छाती फक्त माझी होती.

मालकीण म्हणजे त्यांची बायको मार्जीन. तिला बागेत काळ्याखेरीज रंग खपत नसे. काळी आयरिस, काळी पिटुनिया, वांग्याच्या सालीसारख्या पानांची झुडपं. ती पानं सावलीत हिरवी पडतात म्हणून तिनं परसातला धडधाकट मेपल पाडायला लावला. काळी फुलं लांबून दिसत नाहीत म्हणून शेडची भिंत दर वर्षी पांढरी रंगवून घ्यायची, अर्थात नवऱ्याकडून.

"तू मेल्यावर तरी सोड त्यांना," मी म्हणायचे.

"मेल्यावर मी बघायला नसेन. मग एकच हात मारून मोकळा होईल तो."

त्या भिंतीपुढे तिचा खरा जीव होता. हॉलीहॉक. जास्वंदीच्या कुळातलं, माणसाहून उंच, दांड्याला खालून वर फुलं. तिनं तीस वर्षं निवडून निवडून बी काळं केलं होतं. झाडाचं पहिलं फूल उमललं की पाकळी व्हर्लिनच्या चर्चला जायच्या काळ्या बुटावर ठेवायची. बुटावर ती वेगळी उठून दिसली की झाड मुळासकट बाहेर. व्हर्लिन बिचारे बूट चढवून उभे, ही गुडघ्यांवर.

"चर्चमध्ये एवढी वाकत नाहीस," मी कुंपणावरून म्हणायचे.

"चर्चमध्ये एवढं बघण्यासारखं काही नसतं, ट्वायला."

मधमाश्यांना कुंपण कळत नाही, दुसऱ्या रंगाचे पराग आणून त्या बी बिघडवतात. म्हणून गल्लीतल्या प्रत्येकानं आपल्या हॉलीहॉकच्या कळ्या उमलायच्या आत खुडायच्या, असा तिचा हुकूम होता. सगळे मुकाट्यानं खुडायचे. मीही.

मग मार्जीन विसरायला लागली. आधी गॅसवरची भांडी, मग रस्ते, मग माणसं. शेवटी तिला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. व्हर्लिन रोज दुपारी जायचे. त्यांनी आयुष्यभर गावाच्या पाण्याचे मीटर वाचले होते. आणि मार्जीनला ते तेवढेच, मीटरवाले म्हणून, आठवत होते.

"मीटर तळघरात आहे," ती अदबीनं सांगायची. "पाय पुसून जा हं."

जुलैत एकदा ते सहज एक काळं फूल घेऊन गेले. तिनं ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, आणि म्हणाली, "बस ना, व्हर्लिन. उभा का?"

त्या दिवसापासून ऑगस्ट संपेपर्यंत ते नवरा असायचे. थंडी पडली की पुन्हा मीटरवाले. वाळवलेलं फूल चाललं नाही, फोटोही चालला नाही. हिवाळाभर ते जुलैची वाट बघत बसायचे.

आता माझी गोष्ट सांगते. त्याच पहिल्या उन्हाळ्यात माझ्या गॅरेजमागे चार गुलाबी हॉलीहॉक वाढले. खुडायला गेले आणि वाटलं, आता तपासायला येतंय कोण? राहू दिले. छान दिसत होते मेले. कुणाला बोलले नाही, आणि मी एखादी गोष्ट बोलत नाही म्हणजे काय ते गावाला विचारा.

हॉलीहॉकला दोन उन्हाळे लागतात. पहिल्यात नुसती पानं, दुसऱ्यात फूल. त्यामुळे पुढच्या वर्षी जुन्या बियांची फुलं काळीच आली. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या गुलाबीचं पाप फुललं. जुनी झाडं तांबेरा रोगानं गेली होती, आणि नव्या झाडांवर भिंतभर बिटाच्या पाण्याचा रंग.

व्हर्लिन सकाळीच दारात आले. हातात फूल, पायांत ते बूट.

"तुझे डोळे चांगले आहेत, ट्वायला. काळं आहे ना हे?"

"काळं नाही तर काय," मी म्हणाले. "तुम्हीच चष्मा बदला."

मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. मार्जीननं फूल उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

"यात कुणाचं तरी गुलाबी शिरलंय," ती म्हणाली. आवाज अगदी पूर्वीचा, कडक. मग व्हर्लिनकडे बघून, परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "तुमच्या बायकोला सांगा, असलं ठेवू नये. मुळासकट काढायचं."

"सांगतो," व्हर्लिन म्हणाले.

"मीटर तळघरात आहे."

परतताना धान्याच्या कोठारांपाशी मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एकही थट्टा सुचत नव्हती.

"माहीत आहे," ते म्हणाले. "खिडकीतून दिसायचे."

"मग खुडले का नाहीत? मी दिवसभर कामावर असते."

ते रस्त्याकडेच्या मक्याच्या शेताकडे बघत म्हणाले, "तीस वर्षांत त्या बाजूला गुलाबी काही उगवलं नव्हतं गं. सकाळी कॉफी घेताना बरं वाटायचं. वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, फावडं घेतलं आणि भिंतीच्या कडेपासून सुरुवात केली. मीही हात लावला. हॉलीहॉकचं मूळ मुळ्यासारखं खोल जातं, ओढून निघत नाही. तासाभरात निम्मी भिंत मोकळी झाली.

"काळं बी विकत मिळतं," मी म्हणाले. "आजच मागवते."

"दोन उन्हाळे," व्हर्लिन म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या झाडाच्या बुडाशी फावडं घातलं.