माह्या खाजीचा हिट डान्स

त्या साली आमच्या घरात कापूस राहे आन् आमी मानसं ओसरीत.

हसू नका! आमच्या राळेगावकडं असंच असते. भाव पडला का कापूस घरात भराचा, भाव चढला का काढाचा. भाव काई चढे ना, कापूस मात्र चढत चढत आड्याले टेकला! आन् लय दिवस कोंडलेल्या कापसात किडे होतात, डोळ्याले न दिसनारे. मंग जे खाज सुटते बाप्पा! संध्याकाळी सारं घर भजनाले बसल्यावानी डोलत डोलत खाजवे.

बायको नेरले मायेरी चालली तवा बजावून गेली, "अवजी, कापसावर कोनी पाय ठेवाचा नाही. मळला तं व्यापारी हात लावत नाही. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"पाय नाही ठेवाचा."

(शाळेत मले कोनी इतकं घोकवलं असतं तं मी साहेब झालो असतो. पन शाळेत मी गेलोच कवा!)

तिची एस्टी गेली आन् दुपारीच माहा भाचा गोलू दिग्रसवरून आला. संगं तीन पोट्टे. टोप्या उलट्या, बनियन माह्या चादरीएवढे. त्याहिची रॅपची टोळी होती, 'पऱ्हाटी गँग', म्हंजे कापसाच्या झाडाचं नाव. नव्या गान्याचं नाव 'ढगात'.

"मामा, शूटिंगले ढग पायजे."

"उन्हाळ्यात ढग कुठून आनू बे?"

"तुमच्या घरात भरून हाये ना!"

"मामी जित्ता ठेवनार नाही."

"पाय धुवून चढतो, मामा. आन् तुमीबी दिसान गान्यात."

झालं! इथंच माहं डोस्कं गेलं. उभ्या जन्मात माहा फोटो फक्त आधार कार्डावर, आन् त्यातबी मी पकडलेल्या चोरावानी!

काय सांगू तुमाले, काय दुपार होती थे! कौलाच्या फटीतून उनाच्या दोऱ्या खाली लोंबत, आन् त्या दोऱ्याहिवर कापसाचे तंतू हळूहळू तरंगत. पोट्टे नाचत का बुडत, काई समजे ना. पाय टाकला का मांडीलोक आत! गानं धाडधाड वाजे, पन कापसात शिरून मऊ होऊन माह्यापाशी ये, जशी दूरच्या गावची वरात.

"मामा, तुमी वरत्या कोपऱ्यात पडा. इशारा केला का उठजा."

पडलो. डोळे मिटले. आन् खरंच ढगावर गेलो! खाली वावरं सरकून राह्यले, तुरीचे, पऱ्हाटीचे. नेरची एस्टी मुंगीएवढी. तिच्या खिडकीतून बायको हात हलवून काईतरी वरडून राह्यली. आयकूच येत नव्हतं. इतकं सुख मले लग्नानंतर पह्यल्यांदा झालं.

तवाच पाठीत चावा बसला.

मी उठलो थो खाजवतच! एक हात काखेत, एक पाठीत, एका पायानं दुसरी पोटरी घासतो, मान गरगर. बुडलो, वर आलो, पुन्हा बुडलो. "अबे मेलो! पानी आना बे!"

"कॅमेरा बंद नोको करू!" गोलू वरडला. "मामा, चालू ठेवा!"

चालू ठेवाले थे काय माह्या हातात होतं?

गानं असं हिट झालं का इचारू नका! गँगचा डान्स कोनी पाहे ना, साऱ्याहिले माही खाजच आवडली. हळदीत खाजवनं, वरातीत खाजवनं. नवरदेव घोडीवर बसून काख खाजवे, घोडी बिचारी घाबरून जाय! पन माह्या मिशाले, भुवयाले, डोक्याले कापूस, त्यानं वळखू कोनाले येत नव्हतो. लोकं म्हनत, "हा कापूसबावा कोन हाये गा?"

मले जीव तोडून सांगावं वाटे, "मी!" पन सांगितलं तं बायकोले कापसाचं समजते. म्या गोलूलेबी शपथ घातली होती. मायेरून आल्यावर बायको रोज मोबाईलवर गानं पाहे, मी बाजूले चोरावानी बसो.

"कोन असन वो हा येडा?" मी हळूच इचारो.

"असन कोनी रिकामा," थे म्हने.

मंग पुतनीचं लग्न आलं. डीजेनं 'ढगात' लावलं, सारा मांडव खाजवाले लागला, आन् माह्याच्यानं राहवलं नाही. मधात घुसलो आन् जे खाजवलं!

एक पोट्टा म्हने, "काका, बाजूले व्हा ना. तुमाले जमून नाही राह्यलं."

दुसरा म्हने, "पह्यले काख, मंग पाठ! असं पाहा, काका!"

मले शिकवून राह्यले! मी वरडलो, "अबे, थो कापूसबावा मीच हावो!"

नेमका तवाच डीजे बंद पडला. साऱ्या मांडवानं आयकलं. आन् मंग लोकं असे हासले का आचाऱ्याच्या हातातला झारा पडला. कोनाचाच इस्वास बसला नाही. फक्त बायको हासली नाही. तिनं मनगट धरून मले मांडवाच्या मांगं नेलं. म्हटलं, आता संपलो!

"कायले वरडले?" थे दात चावून म्हने. "मले काय म्हाइत नाही? लग्न झाल्यापासून तुमाले खाजवतानी पाहून राह्यली मी. पह्यल्याच दिवशी वळखलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"कशी बोलू? सारा जिल्हा त्याले येडा म्हनून राह्यला. बोलली असती तं सांगा लागलं असतं ना, का थो माहा नवरा हाये!"